मुरमं घासून जात नाहीत

बारावीच्या मुलांना टायट्रेशनसाठी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल द्यायचं म्हटलं तरी मी आधी दहा मिनिटं बोलते. ॲप्रन घाला, गॉगल लावा, केस बांधा, पिपेट तोंडाने ओढू नका. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. ते आम्ल असतं 0.1 मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक). हातावर सांडलं तर हात नळाखाली धरायचा, संपला विषय. तरी माझी टकळी काही थांबत नाही. पोरं आपसात हसतात, मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी एका बॅचला एक मुलगी तोंडावरचा स्कार्फ न सोडताच टेबलापाशी उभी राहिली. बर्नरजवळ स्कार्फ नको म्हणून मी तो काढायला लावला. दोन्ही गाल लालभडक, नाकाच्या कडेने सालपटं निघालेली, एका ठिकाणी तर पाणी सुटलेलं. विचारल्यावर तिने दप्तरातून बाटली काढली. ड्रॉपर असलेली, आत गडद लाल द्रव. लेबलवर ठळक अक्षरांत 30 टक्के. त्वचेचं साल काढणाऱ्या आम्लांचं, ग्लायकॉलिक आणि त्याच्या भावंडांचं, ते मिश्रण होतं. दहा मिनिटांनी धुवायचं असं लिहिलं होतं, हिने पंचवीस मिनिटं ठेवलं. का? "जास्त वेळ ठेवलं की जास्त साफ होतं ना, मॅडम."

30 टक्के ग्लायकॉलिक म्हणजे ढोबळमानाने 4 मोलर. ते सौम्य आम्ल आहे, हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र नाही, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही, हे मी बारावीला शिकवते म्हणून मला माहीत आहे. पण ज्या मुलीच्या हातात मी 0.1 मोलर आम्ल गॉगलशिवाय देत नाही, ती घरी आरशासमोर उभी राहून हे डोळ्यांपासून दोन बोटांवर लावते, आणि तिला ते विकताना दहा मिनिटं सोडा, दहा सेकंदही कुणी बोललेलं नसतं. हा प्रश्न एका मुलीच्या उतावीळपणाचा आहे, असं मला वाटत नाही. तिच्या तोंडी जे वाक्य होतं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. फक्त तेव्हा बाटली नव्हती.

आमच्या घरी घोसाळ्याची वाळकी जाळी होती, अंग घासायची. नववीत माझ्या कपाळावर आणि हनुवटीवर पुळ्या उठल्या तेव्हा आत्याचं निदान ठरलेलं होतं: "तोंड नीट धुत नाहीस." मग मी धुतलं. दिवसातून पाच वेळा, अंगाच्या साबणाने. नंतर ती जाळी गालांवर फिरवली. नंतर लिंबाची फोड. पुढे कॉलेजात जर्दाळूच्या आणि अक्रोडाच्या कवचांची भुकटी घातलेला स्क्रब मिळायला लागला, तोही झाला. घासल्यावर चेहरा तासभर गुळगुळीत लागायचा आणि त्या तासाभरासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायची. माझ्या डाव्या गालावर अजून तीन खड्डे आहेत. त्यातले किती मुरमांचे आणि किती माझ्या मेहनतीचे, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

मुरूम म्हणजे घाण साचलेली, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती समजूत आहे हेच लक्षात येत नाही. ब्लॅकहेडचा काळा ठिपका बघा, सगळ्यांना तो मळ वाटतो. तो मळ नसतो. रोमछिद्राच्या तोंडाशी अडकलेल्या तेलाचा आणि पेशींचा हवेशी संबंध येतो, त्यात रंगद्रव्य असतं, म्हणून तो काळा दिसतो. साबणाने तो जात नाही कारण तो धुळीचा नाहीच. गोष्ट सुरू होते ती खाली, केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीपाशी. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलांत आणि मुलींतही, आणि ती ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी त्या नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू, जे एरवीही आपल्या त्वचेवर सुखाने नांदत असतात, ते वाढतात आणि शरीर त्यावर सूज आणतं. आरशात पुळी दिसते तोवर आत आठवडे गेलेले असतात. आणि आपण वरून घासतो. विहिरीचा झरा बुजलाय आणि आपण काठ घासत बसलोय.

काठ तरी किती जाड असावा? त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर, ज्याला काढण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो चेहऱ्यावर मिलिमीटरचा पन्नासावा-शंभरावा भाग असतो. वहीच्या कागदापेक्षा कितीतरी पातळ. मृत म्हणून तो टाकाऊ नाही. पाणी आत धरणं आणि बाहेरचं बाहेर ठेवणं हे काम तोच करतो. तरुण त्वचेत तो काही आठवड्यांत स्वतःहून झडतो आणि नवा येतो. ते झडणं त्वचेतली विकरं (एन्झाइम) घडवून आणतात, आणि त्यांचा सगळा तोल त्वचेच्या आम्लतेवर अवलंबून असतो. पाठ्यपुस्तकात ज्याला सामू म्हणतात (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) तो निरोगी त्वचेवर पाचच्या आसपास. त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी एका शनिवारी मुलांना घरून वस्तू आणायला सांगितल्या आणि सामूच्या पट्ट्या वाटल्या. लिंबाचा रस दोनच्या जवळ, खाण्याचा सोडा आठच्या पुढे, अंगाचा साबण दहाच्या घरात. "म्हणजे मॅडम, सोड्यात लिंबू पिळून लावलं तर सात होईल," असं एकाने शोधून काढलं. रसायनशास्त्राचे मार्क त्याला पूर्ण. चेहऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तोंडावर मोजून कुणी लावत नाही.

घासण्याने मुरमं वाढतात, हे काही आजचं ज्ञान नाही. 1975 साली मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी दोन शोधनिबंध छापले. एकात वारंवार साबणाने धुतल्याने मुरमं कशी वाढतात ते होतं, तर दुसऱ्यात घर्षणाने आणि दाबाने, म्हणजे हेल्मेटचे पट्टे, कपाळावरच्या पट्ट्या वगैरेंनी ती कशी उसळतात ते. दोन्ही प्रकारांना त्यांनी लॅटिन वळणाची नावंही दिली. पन्नास वर्षं होऊन गेली. ते ज्ञान माझ्या आत्यापर्यंत पोचलं नाही हे मी समजू शकते. ते बाजारापर्यंत पोचलं नाही, असं मात्र मी मानायला तयार नाही. बाजाराला ते ठाऊक होतं, म्हणूनच खरखरीत स्क्रब मागे सारून त्याने ॲसिड पुढे केलं. आता जाहिराती स्वतःच सांगतात, घासू नका, ते जुनं झालं, हे थेंब लावा. घासण्याची हौस तशीच राहिली, फक्त हात दुखायचे थांबले.

इथे मला थोडं जपून बोललं पाहिजे, कारण मी रसायनांच्या विरोधात बोलले तर माझी नोकरीच विनोदी ठरेल. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, त्यामुळे ते तेलकट रोमछिद्रात उतरू शकतं आणि ते बूच सैल करू शकतं. अर्धा ते दोन टक्के तीव्रतेचं सॅलिसिलिक सौम्य मुरमांना उपयोगी पडतं, हे मान्य. पण किती उपयोगी? अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2024 साली मुरमांच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ठाम शिफारस आहे ती बेन्झॉइल पेरॉक्साइडची, ॲडापलीनसारख्या रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधाची) आणि डॉक्टरी देखरेखीतल्या काही औषधांची. सॅलिसिलिकला सशर्त शिफारस. आणि ज्या केमिकल पीलवर, म्हणजे साल काढणाऱ्या तीव्र आम्लांवर, आमची मुलं खाऊचे पैसे घालवतात, त्याबद्दल शिफारस करावी इतका पुरावाच नाही असं म्हणून ते पुढे गेले. मुलांना मात्र हा क्रम बरोबर उलटा पाठ आहे. त्यांनी पीलची नावं घडाघड सांगितली. बेन्झॉइल पेरॉक्साइड एकालाही माहीत नव्हतं, आणि ते तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं औषध आहे.

आता बाटलीवरच्या टक्क्याबद्दल. हा माझा विषय असल्यामुळे इथे मी रेंगाळणार. ग्लायकॉलिक आम्लाचा पीकेए 3.83. म्हणजे द्रावणाचा सामू 3.83 असेल तर निम्मं आम्ल मुक्त रूपात असतं, निम्मं क्षाराच्या रूपात. त्वचेत शिरतं आणि काम करतं ते मुख्यतः मुक्त आम्ल. सामू 3 केला तर सुमारे 87 टक्के आम्ल मुक्त राहतं, 5 केला तर जेमतेम 6 टक्के. दोन्ही बाटल्यांवर "10 टक्के ग्लायकॉलिक" असंच छापता येतं आणि दोन्ही खरं बोलत असतात, पण त्यांच्या मारात जवळपास चौदापट फरक असतो. एक बाटली गोड पाण्यासारखी निघेल, दुसरी गाल सोलेल. माझ्या विद्यार्थिनींनी आणलेल्या एकाही बाटलीवर सामू छापलेला नव्हता. टक्का मात्र पुढ्यात, सगळ्यात मोठ्या अक्षरात. बारावीचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत एकक न लिहिता आकडा लिहून आला तर मी अर्धा मार्क कापते.

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने 1990च्या दशकाच्या अखेरीसच यावर बोट ठेवलं होतं. घरी वापरायच्या वस्तूत अशी आम्लं 10 टक्क्यांपर्यंत, सामू 3.5च्या खाली नको, आणि उन्हापासून संरक्षणाची सूचना सोबत हवी. 30 टक्क्यांपर्यंतचं द्रावण प्रशिक्षित माणसाने, थोडा वेळ लावून नीट धुवून टाकण्यासाठी. म्हणजे त्या मुलीच्या दप्तरात होती ती पार्लरमधल्या शिकलेल्या हातांसाठीची तीव्रता. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना जाहीर इशाराच दिला की तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय केमिकल पील विकत घेऊ नका, वापरू नका.

उन्हाचा मुद्दा तर आपल्याकडे पहिला यायला हवा. याच प्रशासनाने नोंदलेल्या एका चाचणीत चार आठवडे ही आम्लं लावलेल्यांची त्वचा अतिनील किरणांनी लाल पडण्याच्या बाबतीत 18 टक्के जास्त हळवी झाली. थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली, हेही सांगायला हवं. पण आमची मुलं मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा देतात, एसटीच्या खिडकीत बसून येतात, नाहीतर स्कूटीवर. सनस्क्रीन घेतात का विचारलं तर "ते महाग असतं मॅडम" म्हणतात. सीरमला पैसे होते. स्कार्फ मात्र प्रत्येकीकडे, करकचून बांधलेला, घामाने भिजलेला, दिवसभर गालावर घासणारा. मिल्स आणि क्लिगमन आमच्या स्टँडवर उभे राहिले असते तर त्यांना तिसऱ्या निबंधाचा विषय मिळाला असता.

आणि ही त्वचा सावळी आहे. ही गोष्ट मला कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. गोऱ्या त्वचेवर सूज आली की लाली येते आणि जाते. सावळ्या-गव्हाळ त्वचेत सूज आली, मग ती मुरमाची असो, नखाची असो की आम्लाची, की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चेकाळतात आणि जागेवर काळा डाग ठेवून जातात. वरच्या थरातला डाग महिनोन्‌महिने राहतो, खोल गेलेला वर्षानुवर्षं. त्वचेच्या प्रकारांची जी वर्गवारी जगभर वापरतात ती अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी मांडली तीही 1975 सालीच, आणि मूळ आराखडा गोऱ्या कातडीला समोर ठेवूनच केलेला होता. आपल्यासारख्यांच्या छटांची नीट सोय नंतर झाली. अशा त्वचेवर मुरूम आठ दिवसांत बसतं आणि डाग आठ महिने बोलत राहतो. मग डाग घालवायला अजून घासायचं, अजून सोलायचं, त्याने अजून डाग. माझ्या मते मुरमांपेक्षा या चक्राने जास्त चेहरे बिघडवले आहेत.

चक्र फिरत फिरत शेवटी मेडिकलच्या काउंटरवर जातं. 1975 तिथेही आहे. त्याच वर्षी त्याच क्लिगमननी काळे डाग उजळवायचा एक नुस्खा छापला: रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन, साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, तिघं एकत्र. (याच गृहस्थांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. तो एक वेगळा आणि काळाकुट्ट अध्याय आहे.) त्या नुस्ख्याची वंशावळ म्हणजे आपल्याकडच्या "तीन औषधांच्या" ट्यूबा. त्यात डेक्सामेथासोनच्या जागी बहुधा मोमेटासोन हे दुसरं स्टिरॉइड असतं. डॉक्टरने ठरावीक मुदतीसाठी, डोळ्यात तेल घालून द्यायची गोष्ट. आपण ती दुकानात "चेहरा साफ व्हायची ट्यूब द्या" म्हणून मागतो. पहिले पंधरा दिवस जादू होते. ट्रेटिनॉइनने साल निघते, स्टिरॉइडने लाली दबते, चेहरा उजळतो. घरातले म्हणतात, लागू पडलं बघ. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, ऊन लागताच आग होते, बारीक पुळ्यांचं पीक येतं, आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीने उसळतं. म्हणून सोडता येत नाही. आपल्या त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड मलम लावत होते. त्यातल्या निम्म्याहून अधिकांना ते कुणा डॉक्टरने सुचवलेलंच नव्हतं.

कायदा झाला. बाहेरून लावायच्या स्टिरॉइडांना शेड्यूल एचमधून, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतून, जी सूट होती ती मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडांच्या बाबतीत काढून घेतली गेली. आता चिठ्ठीशिवाय ही मलमं विकता येत नाहीत. कागदावर. कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन मागून पाहा. मी पाहिलंय. दुकानदाराने चिठ्ठी तर विचारली नाहीच, वर "रात्री लावा, दिवसा नको" असा सल्ला फुकट दिला.

म्हणजे आपल्याकडे स्थिती काय आहे? 30 टक्क्यांचं आम्ल सौंदर्यप्रसाधन म्हणून घरपोच येतं. स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय मिळतं. आणि ज्याला पुरावा आहे, जे अत्यावश्यक यादीत आहे, ते कुणी सांगत नाही. ॲडापलीनचं 0.1 टक्के जेल अमेरिकेत जुलै 2016 पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, वेष्टनावर नीट सूचना छापून. आमच्या दुकानात तेच जेल मागितलं तर मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि शेजारची गोरं करणारी ट्यूब पुढे सरकवतात. जे सैल हवं ते घट्ट आणि जे घट्ट हवं ते सैल, असा हा उलटा घातलेला सदरा आहे.

माझं म्हणणं असं. दहा टक्क्यांवरची ही आम्लं ग्राहकाला थेट विकणं बंद करावं. त्याखालच्या बाटल्यांवर टक्क्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात सामू छापायची सक्ती करावी, आणि उन्हाचा इशारा मराठीत असावा. सौंदर्यप्रसाधनांच्या 2020च्या नियमांत धोका असेल तिथे सुरक्षित वापराच्या सूचना छापायची तरतूद आहेच, तिला दात बसवायचे एवढंच. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीच्या तोंडावर खव्यावर धाडी घालाव्यात, जरूर घालाव्यात. त्यातला एक दिवस स्टिरॉइडच्या ट्यूबांना द्यावा.

यावर एक आक्षेप मला माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला आणि तो हलका नाही. तो म्हणाला, तुम्ही शहरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने बोलताय. गावातल्या पोराला त्वचेचा डॉक्टर गाठायचा तर दिवस मोडतो, एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी, वर लिहून दिलेल्या पाच वस्तू. त्याला निदान सीरम तरी घेता येतं, तेही तुम्ही काढून घेणार. बरोबर आहे. मी नुसती बंदी मागितली तर श्रीमंतांची मुलं डॉक्टरकडे जातील आणि बाकीची पुन्हा लिंबू-सोड्याकडे. म्हणूनच बंदीच्या आधी दुसरं काहीतरी व्हायला हवं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळे कक्ष आहेत, आपल्याकडे त्यांना "मैत्री क्लिनिक" म्हणतात. तिथे समुपदेशन मिळतं, लोहाच्या गोळ्या मिळतात. किशोरवयात दहातल्या आठ-नऊ जणांना कमी-जास्त मुरमं येतात. त्या वयाच्या मुलांना दवाखान्याच्या दारात आणणारी याहून खात्रीची तक्रार कुठली? बेन्झॉइल पेरॉक्साइडची ट्यूब तिथे फुकट ठेवा. कपड्याचा रंग जातो, हळूहळू लावा, सहा-आठ आठवडे धीर धरा, इतकं सांगायला त्वचातज्ज्ञ लागत नाही, शिकवलेली परिचारिका पुरते. खड्डे पडणारी, गाठी येणारी मुरमं तिने ओळखून वर पाठवावीत. मुरमासाठी आलेली पोर मग पाळीबद्दलही बोलेल, झोपेबद्दलही, घरी काय चाललंय तेही.

समाजमाध्यमांवरच्या सल्लागारांबद्दल नियम आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये दोनदा सूचना काढल्या, जाहिरात मानक परिषदेनेही त्याच वर्षी आरोग्यावर बोलणाऱ्यांनी आपली पात्रता दाखवावी असं सांगितलं. पण त्वचेची निगा ही आरोग्यात मोडते की नटण्या-मुरडण्यात, या फटीतून सगळे निसटतात. ती फट बुजवा. चेहऱ्याला आम्ल लावायला सांगणारा माणूस आरोग्याबद्दलच बोलतोय, यात शंका घ्यायला जागा नाही.

उरला घरगुती पंथ. रसायनांवर टीका केली की हे लोक खूश होतात, म्हणून त्यांनाही सांगते. निसर्गात आहे म्हणून ते सोसतं असं नसतं. ग्लायकॉलिक आम्ल आमच्या उसातही असतं. तेवढ्यावर काही बाटल्यांवर उसाचं चित्र असतं, प्रत्यक्षात बाजारातलं बहुतेक ग्लायकॉलिक कारखान्यात संश्लेषणाने बनतं आणि त्यात वाईट काही नाही. लिंबाचा रस सामू दोनचं आम्ल आहे, तो लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजून काळे पट्टे उठू शकतात. डाळीचं पीठ आणि साय यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्याने रगडण्याशी आहे. उटण्याची आठवण काढली जाते, तर तेही नीट आठवूया: आधी तेल, मग उटणं, तेही अंगाला, पहाटेच्या थंडीत, वर्षाकाठी तीन-चार दिवस. रोज रात्री सुजलेल्या गालावर नाही. सुश्रुतसंहितेत या रोगाला मुखदूषिका म्हटलंय आणि तरुणांच्या तोंडावरच्या या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचं खोड ज्याने जवळून पाहिलंय त्याला ती किती चपखल आहे ते कळेल. तिथे वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरीचा लेप सांगितलाय. तो लावा असं मी म्हणणार नाही, मोहरी आणि मीठ सोललेल्या गालावर काय करेल ते मला दिसतंय. मी फक्त एवढंच वाचते की तिथेही पुळ्या लेपायला सांगितल्या आहेत, रगडायला नाही.

सोलण्याच्या या वेडामागे त्वचेपेक्षा दुसरंच काही आहे, असं मला अनेकदा वाटतं. मुरमं असलेल्या मुलाला किंवा मुलीला कुणी तापाच्या रुग्णासारखं वागवत नाही. तिला विचारतात, तोंड धुतेस ना? तेलकट खातेस का? पोट साफ होतं ना? रात्री जागतेस का? चौकशीचा सूर नेहमी पोलिसी. लग्नाचं बघायला आलेल्या बायका तर कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन डाग मोजतात. सगळ्या प्रश्नांत एकच गृहीत असतं, की चूक तुझी आहे. आणि चूक आपली आहे असं ज्याला पटवून दिलंय, तो औषध शोधत नाही, तो स्वतःला शिक्षा देतो. जळजळलं की त्याला बरं वाटतं, कारण काहीतरी फेडल्यासारखं होतं. पंचवीस मिनिटं ठेवणारी ती मुलगी मला म्हणाली होती, "आग झाली तेव्हा वाटलं, आता काम करतंय." मी नववीत घोसाळ्याची जाळी फिरवताना अगदी हेच वाटून घेतलं होतं.

त्या दिवशी मी तिला प्रॅक्टिकल करू दिलं नाही. गार पाण्याने चेहरा धुवायला लावला, स्टाफरूममध्ये बसवलं आणि साधं व्हॅसलीन लावायला दिलं. "आता काय लावू मॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, दोन आठवडे काही नाही, सालपटं ओढायची नाहीत, स्कार्फ सुती आणि सैल, आणि मंगळवारी सिव्हिलला स्किनची ओपीडी असते, आईला घेऊन जा. तिचा चेहरा पडला. काहीच न लावण्याचा सल्ला तिला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. जाताना तिने बाटली परत मागितली, चारशे रुपयांची होती म्हणून. मी दिली नाही. ती अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आम्लांच्या फळीवर, माझ्या अक्षरातलं लेबल लावून. त्यावर टक्का आहे आणि सामूही आहे.